एकतर्फी

१

पंचबाईंना धमकी द्यायचीच असेल, तर ती सकाळच्या पहिल्या चहाआधी देऊ नये. त्या वेळी बाई कुणालाच भीक घालत नाहीत. तरीही मंगळवारी सकाळी कुणीतरी त्यांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली आणि जिना उतरून पसार झालं. बाईंनी आधी चहा गाळला, मग चष्मा शोधला आणि मग चिठ्ठी उचलली.

‘फेरलढत होऊ देऊ नका. झाली तर मास्तर संपला.’

तळहातात मावेल एवढा कागद. मागच्या बाजूला ठसठशीत छापलेला आकडा, एकशे चौदा. ना नाव, ना सही. बाई तो कागद उलटासुलटा करत बसल्या आणि चहा गार झाला. त्यांच्या घरी चहा गार होणं ही काही साधीसुधी गोष्ट नव्हती.

मास्तर म्हणजे शाळेत कवायत शिकवणारे, छत्तीस वर्षांचे. बॉक्सिंगच्या रिंगणात चौदा वर्षं काढलेली. हरले तरी एखाद्या गुणाने, आणि खाली पडलेले तर कुणीच पाहिले नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी त्याच मास्तरांना एका चोवीस वर्षांच्या पोराने आठच्या आठ फेऱ्यांत धुऊन काढलं. पोरगा दिवसा सुतारकाम करतो, म्हणून सगळे त्याला सुतारच म्हणतात. त्या लढतीला तीन पंच होते, त्यांतल्या एक आपल्या बाई. तिघांनीही आठही फेऱ्या सुताराला दिल्या. हॉलमधली माणसं टाळ्या वाजवायला विसरून गेली.

मग मास्तरांनी तक्रार केली. सुताराच्या ग्लोव्हजना काहीतरी झोंबणारं चोपडलं होतं, डोळ्यांत गेलं, पुढचं काही दिसलंच नाही, अशी. ग्लोव्हज तपासावेत तर बॉक्सिंग संघटनेच्या शिपायाने ते त्याच संध्याकाळी, नेहमीच्या शिरस्त्याने, स्पिरिटने पुसून वाळत टाकलेले. आता राहिलं फक्त लढतीचं रेकॉर्डिंग. सचिवांनी ते बाईंच्या हातात ठेवलं.

“गुरुवारी चार वाजता सुनावणी,” ते म्हणाले. “तक्रार खरी ठरली तर निकाल रद्द, महिन्याभरात फेरलढत, आणि सुताराच्या नावाला कायमचा बट्टा. खोटी ठरली तर मास्तरांचा परवाना गेला. छत्तिशी गाठलेला माणूस हरला की आपण परवाना देत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही सांगाल ते.”

बाईंनी एकदा पंच म्हणून सख्ख्या भाच्याला हरवलं होतं, अर्ध्या गुणाने. भाऊ दोन वर्षं बोलत नव्हता. म्हणून तर हे लचांड त्यांच्या गळ्यात पडलं होतं. आता त्यात ही चिठ्ठी. कुणीतरी मास्तरांच्या जिवावर उठलं होतं, आणि हातात जेमतेम तीन दिवस होते.

२

बाईंनी पडदे ओढले, रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज पूर्ण बंद केला. ही पंचांची जुनी सवय. लोक ओरडतात, कोपऱ्यातले ओरडतात, हुकलेल्या ठोशालाही आरोळी उठते आणि गुण वाहवत जातात. पंचाने कान घरी ठेवून यायचं, असं बाईंना पंचाचं काम शिकवणाऱ्या जुन्या पंचाने बजावलं होतं, आणि वीस वर्षांत त्यांनी ते मोडलं नव्हतं.

तीनदा पाहिलं. वहीत रेघा ओढल्या. सुताराचे एकसष्ट ठोसे बसले होते, त्यांतले त्रेपन्न मास्तरांच्या डाव्या गालावर, डाव्या कानशिलावर, डाव्या बरगडीवर. बाकी आठ इकडेतिकडे. मारणारा हात एकच, उजवा.

चौथ्यांदा त्यांनी फक्त सुरुवात पाहिली आणि पाठ ताठ करून बसल्या. घंटा झाल्यावर अकराव्या सेकंदाला सुताराचा पहिला उजवा बसला. त्याआधी त्याचा ग्लोव्ह मास्तरांच्या चेहऱ्याला लागलेलाच नव्हता. मग डोळा झोंबेल कशाने? आणि तो ठोसा येताना मास्तरांनी मान वळवली नाही, हात उचलला नाही. डोळासुद्धा मिटला नाही. समोरून ठोसा येतोय आणि माणसाची पापणी लवत नाही, हे बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं.

म्हणजे ग्लोव्हजची भानगडच नव्हती. मास्तर रिंगणात चढले तेव्हाच त्यांचं काहीतरी बिघडलेलं होतं. बिघडलं की कुणी बिघडवलं, ते शोधायला बाई चप्पल घालून बाहेर पडल्या.

३

सुतार एका दरवाजाची चौकट तासत होता. बाईंना पाहताच रंधा खाली ठेवला आणि स्टुलावरचा भुसा बाहीने पुसून दिला.

“मी काही चोपडलं नाही, बाई,” तो न विचारताच म्हणाला.

“ते मला कळलंय. तू फक्त काय झालं ते सांग.”

“काय सांगू? आमचे वस्ताद आदल्या दिवसापर्यंत बजावत होते, उजवा टाकू नकोस, मास्तर तो झोपेतही चुकवतात. मी नुसता चाचपून बघायला टाकला. बसला. मला वाटलं, चुकून. परत टाकला, परत बसला.” त्याने हाताकडे पाहिलं. “चौथ्या फेरीपासून मला भीती वाटायला लागली. मास्तर पडत नव्हते आणि चुकवतही नव्हते. बंद घराचं दार ठोठवत राहावं आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं वाटत होतं. बाई, मी जिंकलो का?”

“गुरुवारी सांगते,” बाई म्हणाल्या. पोराच्या आवाजात विजयाचा लवलेश नव्हता.

तिथून त्या संघटनेच्या डॉक्टरांकडे गेल्या. लढतीच्या सकाळी दोघांची तपासणी डॉक्टरांनीच केली होती. प्रश्न ऐकूनच ते फणकारले.

“ठणठणीत होते मास्तर. नाडी, रक्तदाब, नजर, सगळं. डोळा झाकून तक्त्याची शेवटची ओळ वाचली. मग मी म्हटलं दुसरा, त्यांनी हात बदलला, पुन्हा वाचली. घडाघडा.”

“तुम्ही तेव्हा कुठे पाहत होतात?”

“फॉर्म भरत होतो. सोळा जणांचे फॉर्म असतात, बाई.”

“हात बदलला म्हणालात. डोळा बदलला का?”

डॉक्टरांनी स्वतःचाच डावा तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला, तो काढला आणि उजवा तळवा ठेवला, तोही डाव्याच डोळ्यावर. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

४

बुधवारी दुपारी बाई मास्तरांच्या घरी गेल्या. बाहेर लख्ख ऊन, तरी घरात झाडून सगळे दिवे चालू होते. दार उघडलं ते अक्काने. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तिनेच भावाला लहानाचा मोठा केला आणि रिंगणात त्याच्या कोपऱ्यात बादली-बाटली घेऊन तीच उभी राहत आली. आडवा बांधा, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं माणूस वळून पाहील. आज मात्र तिने नुसती मान हलवली आणि आत गेली.

“पाणी आणायला सांगा तिला,” मास्तर बाईंना म्हणाले.

“आणतेय म्हणावं,” आतून उत्तर आलं.

बाई समजल्या. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, मधल्या माणसाकरवी कारभार चालला होता. एरवी बाईंना हसू आलं असतं.

“किती दिवस झाले अबोला धरून?”

“लढतीपासून,” मास्तर म्हणाले. “घरातल्या गोष्टी आहेत, बाई. तुम्ही ग्लोव्हजचं बघा. मला एक लढत द्या, फक्त एक. मी असा हरणारा माणूस नाही, हे लोकांना कळायला हवं.”

“कळेल,” बाई म्हणाल्या. त्या मास्तरांच्या डाव्या अंगाला बसल्या होत्या. त्यांनी आवाज न करता पेन उचललं आणि मास्तरांच्या डाव्या गालापासून वीतभर अंतरावर धरलं. हळूच हलवलं. मास्तर समोर पाहत बोलत राहिले, की पुढच्या वेळी तयारी कशी करणार, पोराला कसं दमवणार. पेन त्यांच्या कानाजवळ नाचत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

बाईंनी मान वर केली. पाण्याचा तांब्या हातात घेऊन अक्का दारात उभी होती आणि तिने सगळं पाहिलं होतं. तिने तांब्या ठेवला, बाईंकडे पाहत हात जोडले आणि आत निघून गेली.

डावा डोळा गेलेला होता. पण त्याने कोडं सुटण्याऐवजी आणखीच गुंता झाला. बाईंनी घरी येऊन वर्षभरापूर्वीच्या लढतीचं रेकॉर्डिंग काढलं. तिथे मास्तर डावीकडून येणारे ठोसे लीलया चुकवत होते, येण्याआधीच वाकत होते. तेव्हा डोळा शाबूत असेल म्हणावं, तर त्या लढतीतही, आवाज बंद करून नीट पाहिलं की कळत होतं, मास्तरांची नजर त्या बाजूला एकदाही जात नव्हती. न पाहता चुकवत होते. कसं काय?

५

घंटा वाजवणारे काका घड्याळं दुरुस्त करतात. टोलाचं गणित त्यांच्याइतकं कुणाचं पक्कं नाही. त्यांची बसायची जागा मास्तरांच्या कोपऱ्याला अगदी खेटून.

“अक्काच्या शिव्यांनी माझे कान किटलेत, बाई,” ते डोळ्याचं भिंग न काढता म्हणाले. “कोपऱ्यातून सूचना द्यायला बंदी, पण शिव्या द्यायला बंदी नाही. आपले पंचही हसून सोडून द्यायचे. भावाला गाढवा काय, मेल्या काय, निर्लज्जा काय, फेरीभर तोंडाचा पट्टा. लोक निम्मे त्यासाठीच यायचे. पण त्या दिवशी मात्र पोरगी एकदम गोड बोलत होती.”

“गोड म्हणजे?”

“बाळा सांभाळ, माझ्या राजा जप. भाऊ मार खातोय म्हटल्यावर माया दाटून आली असेल. मला तर भरून आलं. तुम्हाला ऐकू आलं नाही? दहा हातांवर तर होतात तुम्ही.”

बाई घरी आल्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात गेली, आणि ऐकायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या हाताने आवाज बंद करून ठेवला होता. त्यांना स्वतःचा संताप आला.

वर्षभरापूर्वीचं रेकॉर्डिंग लावलं, आवाज पूर्ण वाढवला. अक्काचा घसा खणखणत आला. “गाढवा!” मास्तर वाकले, ठोसा डोक्यावरून गेला. “मेल्या!” मास्तरांचं कोपर बरगडीवर आलं, ठोसा कोपरावर आपटला. “निर्लज्जा!” मास्तर मागे सरले. बाईंनी वहीत तीन रकाने आखले. गाढवा म्हणजे वरून, मेल्या म्हणजे खालून, निर्लज्जा म्हणजे मागे हो. सत्तावीसपैकी पंचवीस वेळा बरोबर. मग त्यांनी पाच वर्षांपूर्वीची लढत लावली. त्यात अक्का गप्प, बादली घेऊन उभी. पुढच्या लढती एकेक करून ऐकल्या, तर शिव्या सुरू झाल्या होत्या चार वर्षांपूर्वी, मधेच, एकाएकी; म्हणजे डावा डोळा तेव्हाच गेला होता.

शेवटी ती लढत लावली. बाळा. माझ्या राजा. सोन्या, जप रे. आठ फेऱ्यांत एकही शिवी नव्हती. प्रत्येक लाडाच्या शब्दावर एक ठोसा, आणि प्रत्येक ठोसा डावीकडून.

मास्तरांना घेरून मारलं होतं, ते त्यांच्याच कोपऱ्यातून.

६

गुरुवारी सकाळी बाईंनी चिठ्ठी पुन्हा काढली. या खेळात मास्तरांबद्दल सगळे आदराने बोलतात. शिपाई, सचिव, ज्याच्यावर आळ आला तो सुतारसुद्धा. धमकी देणाऱ्यानेही ‘मास्तर संपले’ असंच लिहिलं असतं. ‘संपला’ लिहिणारं माणूस एकच, ज्याने त्यांना कडेवर घेतलंय ते.

अक्का सरकारी इस्पितळात रांगेचे नंबर पुकारते. बाई पोचल्या तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. “एकशे नऊ! एकशे दहा!” लोकांच्या हातात तळहाताएवढे छापील आकड्यांचे कागद होते. बाईंनी आपला कागद तिच्यापुढे धरला. अक्काने पुढचा नंबर पुकारला नाही. दुसऱ्या बाईला खिडकीवर उभं करून ती जिन्याखालच्या बाकावर येऊन बसली.

“पैसे घेतलेस का कुणाचे?” बाईंनी विचारलं.

“त्यालाही तेच वाटतं,” अक्का म्हणाली. “तोंडावर म्हणाला, कितीला विकलंस. उत्तर नाही दिलं मी.”

“मग का केलंस?”

“चार महिन्यांपूर्वी इथेच डोळे तपासले त्याचे. रिपोर्ट मी घेतला. डावा तर गेलेलाच. उजव्याचाही आतला पडदा विरत चाललाय, मार बसत राहिला तर तोही सुटेल, म्हणाले. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग दोनच लढती खेळतो, घाईने. ओळखते मी त्याला. म्हणून म्हटलं, सगळं तसंच आहे. आणि लढतीत शिव्या न देता गप्प राहायचं ठरवलं.”

“मग कोपऱ्यातून टॉवेल फेकून लढत थांबवायचीस.”

“टॉवेल फेकून थांबवलेली लढत परवान्याला धरत नाहीत, बाई. तो पुन्हा उभा राहिला असता. त्याला स्वच्छ हरवायचं होतं, एकदाच.” तिने पदर मुठीत आवळला. “वाटलं, दुसऱ्या फेरीत पडेल. पाच-सहा ठोसे, आणि सुटला कायमचा. पण पडलाच नाही मेला. गप्प उभं राहवेना, म्हणून लाडाने बोलत राहिले. तिसऱ्या फेरीत ‘गाढवा’ ओठांवर आलं होतं. म्हटलं, आता ओरडले तर आत्तापर्यंतचा मार फुकट जाईल. एकेक ठोसा मोजलाय मी.”

“मला सांग, त्याने पुढची लढत खेळली तर?”

“तर आंधळा होईल. तेवढं तुम्ही होऊ देऊ नका. माझं काय करायचं ते करा.”

७

चार वाजता संघटनेच्या खोलीत टेबलामागे सचिव, बाजूला डॉक्टर, एका खुर्चीत सुतार, दुसऱ्या खुर्चीत मास्तर. अक्का बाहेर पॅसेजमध्ये बाकावर.

“पहिला ठोसा अकराव्या सेकंदाला बसला,” बाई म्हणाल्या. “त्याआधी ग्लोव्ह तोंडाला लागलेला नाही. मास्तर, तक्रार मागे घ्या, म्हणजे मला पुढचं बोलावं लागणार नाही.”

“बोला की,” मास्तर म्हणाले. “मलाही ऐकायचंय तिला कुणी फितवलं ते.”

मग बाई बोलल्या. तक्त्याचं, शिव्यांचं, लाडाच्या शब्दांचं आणि शेवटी उजव्या डोळ्याच्या रिपोर्टचं. डॉक्टर खाली मान घालून बसले. सुताराने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“मला सांगायचं होतं तिने,” मास्तर म्हणाले.

“सांगितलं असतं तर थांबला असतात?”

“नाही.” ते सुताराकडे वळले. “पोरा, मी तुझ्यावर आळ घेतला. बहिणीचं नाव घेता येईना, म्हणून तुझं घेतलं. माफ कर. सचिवसाहेब, कागद द्या. मागे घेतो.”

सचिवांनी कागद सरकवला, अगदी समोर. मास्तरांनी पेन टेकवलं ते कागदाच्या बाहेर, टेबलाच्या लाकडावर. दुसऱ्या हाताने ते कागदाची कड चाचपायला लागले. डॉक्टर ताडकन उठले, खिशातला टॉर्च काढून मास्तरांच्या उजव्या डोळ्यात वाकून पाहू लागले. या वेळी त्यांनी नीट पाहिलं.

“कधीपासून?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“लढतीच्या दुसऱ्या दिवसापासून. खालून काळं चढत येतंय. आता निम्म्यावर आलंय. वाटलं, सूज असेल, उतरेल.”

“गाडी बोलवा. मान हलवू नका, मास्तर. आठवडाभर आधी आला असतात तरी डोळा वाचेल असं मी सांगू शकलो नसतो, आता तर नाहीच.”

अक्काने ज्या डोळ्यासाठी आठ फेऱ्या जीभ आवरली, तो त्याच आठ फेऱ्यांनी घालवला होता. ती बाहेर बसली होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सुतार उठला आणि त्याने मास्तरांचा दंड धरला. सगळे पॅसेजमध्ये आले तशी अक्का धडपडत उभी राहिली.

“काय झालं? कुठे नेताय त्याला?”

“इस्पितळात,” मास्तर तीन आठवड्यांनी तिच्याशी पहिलं वाक्य बोलले. “उजव्याचंही काही खरं नाही म्हणतात.”

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. “कधीपासून?” तिने विचारलं. “कधीपासून रे?”

मास्तरांनी आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. “वर्ष झालं,” ते म्हणाले. “लढतीच्या कितीतरी आधीपासून. तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं.”

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर जिन्याकडे पाहत होते. मग ती बाईंकडे वळली.

“बाई, तुम्ही कधी कुणाला चुकीचा गुण दिला नाहीत,” ती म्हणाली. “खरं आहे हे?”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या, आणि तिला हाताला धरून गाडीकडे घेऊन गेल्या.